सुविधेचे ३९९ रुपये

तिकीट माझं. पैसे माझे. फोन माझा, त्यातला रिचार्ज माझा, आणि ज्या अंगठ्यानं बटण दाबलं तो अंगठाही जन्मापासून माझाच. तरी पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ निघाली : सुविधा शुल्क, रु. ३९९. माणशी, फेरीमागे. परत मिळणार नाही.

ही सुविधा कोणती, ते मी पंधरा दिवस शोधतोय. चष्मा लावून शोधली, चष्मा काढून शोधली. सापडलेली नाही.

आम्ही बपेऱ्याचे लोक तसे परराज्याला घाबरत नाही. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्यप्रदेश. कोणी सोयऱ्याकडे जातो, कोणी म्हैस पाहायला जातो, कोणी नुसताच जातो. परत कधी येणार असं कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर ‘काम झालं का येतो’ एवढं उत्तर पुरतं. विमानाचं तसं नसतं. लेकीचं बाळंतपण म्हणून मे महिन्यातच नागपूर–बंगळूर तिकीट काढायला बसलो, तर जायची तारीख टाकायच्या आधीच चौकटीनं विचारलं, यायचं कधी? म्हटलं, नातू अजून जन्माला आलेला नाही, त्याला विचारून सांगतो. चौकट पुढे जाईना. शेवटी २० जूनला जाणं आणि ३१ जुलैला येणं, असं नवरा-बायकोचं ठरवून टाकलं. रोवणी तोवर धाकटा भाऊ उरकेल असा हिशेब होता. पावसाला तेवढं विचारायचं राहिलं.

पुनर्वसूचा पाऊस लागला. या पावसाला आपल्याकडे तरणा म्हणतात आणि त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याला म्हातारा. माझं तिकीट म्हाताऱ्याचं होतं आणि आला तरणा. भावाचा फोन आला, “दादा, बांधी भरली. पऱ्हे पंचवीस दिवसाचे झाले. बाया भेटून नाही रायल्या. अन् माझा पाय प्लास्टरात आहे.” आमच्या घराण्यात महत्त्वाची बातमी शेवटी सांगायची पद्धत आहे. धान करणाऱ्याला पुढचं सांगायला नको. एकवीस-पंचवीस दिवसांचे पऱ्हे चिखलात गेले तर फुटवे धरतात. महिना उलटला की रोप नुसतं हिरवं उभं राहतं, फुटत नाही. मला १२ जुलैला घरी पोचायचं होतं. ३१ चे १२ करायचे, एवढंच काम. शाळेत आम्ही गुणपत्रिकेवर याहून अवघड बदल केलेले आहेत.

जावईबापूंनी लॅपटॉप उघडला. दोघांची नावं एकाच पीएनआरवर होती आणि सौ. तर नातवाला सोडून हलायला तयार नव्हती. म्हणून आधी नवरा-बायकोला वेगळं करावं लागलं. ते मात्र दोन मिनिटांत आणि फुकट झालं. या एकाच गोष्टीत विमानवाले कोर्टाच्या पुढे आहेत.

मग हिशेब निघाला. परतीचं माझं तिकीट ४,१५० चं. १२ तारखेचं तिकीट ३,९०० चं, म्हणजे २५० नी स्वस्त. मी हरखलो. म्हटलं, चला, २५० परत मिळतील. जावईबापू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते तिचा अर्थ मला नंतर कळला. भाड्यातला फरक नावाची जी वस्तू आहे ती फक्त चढावर चालते. नवं भाडं जास्त असेल तर फरक तुम्ही भरायचा, कमी असेल तर फरक म्हणजे काय, असं ते तुम्हालाच विचारणार. वर बदल शुल्क ३,२५० आणि बदल करू दिल्याची सुविधा ३९९. एकूण ३,६४९ रुपये. आता दुसरा रस्ता. जुनं तिकीट रद्द करायचं आणि नवं काढायचं. रद्द केलं तर मूळ भाडं पूर्ण त्यांचं, विमानतळाचे कर वगैरे ६५४ रुपये माझे. नवं तिकीट ३,९००, सुविधा ३९९, वजा ६५४. उरले ३,६४५.

म्हणजे तिकीट बदलण्यापेक्षा तिकीट मारून टाकून नवं काढणं चार रुपयांनी स्वस्त. चार रुपयांत तुमसरच्या बसस्थानकावर चहाही येत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी मारून टाकलं.

रद्द करण्याच्या शुल्कावर कायद्याची मर्यादा आहे बरं का. ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तिकीट कितीही ‘ना-परतावा’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. ते बहुतेक लोक मागत नाहीत, कारण ‘ना-परतावा’ हा शब्द वाचूनच माणूस गार होतो. पूर्वी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असायचा. नियमानं अन्याय दूर केला. आता चार आण्याची कोंबडी, चार आण्याचाच मसाला.

शहाणपण शिकवायला मग घरातले सगळे बसले. लेक म्हणाली, बाबा, तिकीट काढल्यापासून २४ तासांत फुकट बदलता आलं असतं, विमान सात दिवसांपलीकडचं होतं ना. २०१६ च्या नियमातच होतं. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, पंख्याखाली बसून, २४ तासांत मला कळायला हवं होतं की पुनर्वसूला बांधी भरणार आणि भावाचा पाय मोडणार. पंचांगकर्ते नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते आधी सांगतात, पण भावाचं वाहन कुठं घसरणार हे त्यांनाही छापता येत नाही. जावईबापू म्हणाले, थोडे जास्त भरून ‘बदलता येणारं’ तिकीट घ्यायचं. म्हणजे चोर यायच्या आधीच त्याच्या घरी जाऊन पैसे देऊन यायचे, येण्याचा त्याचा त्रास वाचतो. त्यांचा दुसरा सल्ला बरा होता. देशातल्या देशात बहुतेक विमानांचं जायचं-यायचं भाडं वेगवेगळंच मोजतात, एकत्र काढून काही सवलत मिळत नाही, तेव्हा यायचं नक्की नसेल तर जायचंच काढावं. हे मेमध्ये सांगितलं असतं तर जावयाला मी चांदीचं ताट दिलं असतं. परदेशाच्या जोड-तिकिटात तर आणखी मजा आहे. तिथं जायच्या विमानात तुम्ही बसलाच नाहीत तर यायचं तिकीट आपोआप बाद होतं. जो गेला नाही तो परत कसा येईल? वेदान्तच आहे. फक्त वेदान्तात पैसे जात नाहीत.

मी या सगळ्यात ३९९ वरच अडकलो. बदल शुल्क मला कळतं, तो सरळ दरोडा आहे. दरोडेखोराला निदान घोड्यावर बसता यावं लागतं. सुविधा शुल्काचं दुःख असं की ते नम्र आहे. हात जोडून घेतं. आता समजा ही सुविधा आमच्या गावात आली. चक्कीवाला दळणाचे पैसे घेईल आणि डबा ओट्यावर टेकवू दिल्याचे वेगळे. न्हावी दाढीचे घेईल आणि आरशात पाहू दिल्याचे वेगळे, आणि अर्ध्या दाढीवर मन बदललं तर बदल शुल्क, गेलेली मिशी ना-परतावा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल. पाव्हणा दोन मुक्कामांसाठी येईल आणि एकाच मुक्कामात निघतो म्हणेल. मग त्याला ओसरीत थांबवून हिशेब होईल. परत जाणं आधी केल्याचं शुल्क, न खाल्लेल्या वड्यांचा फरक, आणि निघताना चपला सापडल्याची सुविधा. कोणी म्हणेल, वडे खाल्ले नाहीत तर ते तुमच्याकडेच उरले ना, दुसरा पाव्हणा खाईल की? अहो, तेच तर. माझ्या रद्द झालेल्या खुर्चीवर ३१ जुलैला दुसरं कोणी बसेलच, तोही ३९९ भरूनच बसेल. एक खुर्ची, दोन ढुंगणं, तीन शुल्कं. आणि झाडीपट्टीच्या नाटकाचं काय कराल? रात्री दहाचं नाटक अकराला उघडतं, नायक दुसऱ्या गावचा प्रयोग आटोपून येत असतो, लोक सतरंजीवर आडवे होतात, पहाटे चारला जाग येते तर नाटक चालूच असतं आणि खलनायक अजून जिवंत असतो. तिथं मधूनच उठून घरी गेलेल्या माणसाला कोणी गाठून म्हणत नाही की काका, तुम्ही पूर्ण रात्रीचं तिकीट काढलं होतं, तीन अंक आधी निघालात, तेव्हा निघण्याचे एवढे आणि मंडपाचा पडदा उचलू दिल्याचे ३९९. म्हटलं तर तोच पडदा लोक त्याच्या डोक्यावर सोडतील.

हसून झालं. आता खरं सांगतो, माझं डोकं कशानं फिरलंय ते.

मी धान विकायला जातो तेव्हा मी विकणारा असतो. कट्टा चाळीस किलोचा म्हणतात, काट्यावर किलोभर जास्तच घालायला लावतात, ओलावा म्हणून. हमाली माझी. बारदाना नसेल तर थांबणं माझं, ट्रॉलीचं भाडं माझं, रात्री कट्ट्यांवर झोपून राखण माझी, आणि अंगठाही माझाच, कारण तो यंत्रावर उमटेपर्यंत धान-खरेदीचं पोर्टल मला शेतकरी मानत नाही. चिखलात राबून रेघा झिजलेल्या असतात, तर पुसून पुसून पाच वेळा टेकवायचा. पैसे कधी येणार, त्याची तारीख नाही. मी ती मागितली तर माणसं हसतात. बरं, विकणाऱ्यानंच सगळं सोसायचं असतं असा जगाचा नियम असेल तर तो मी मान्य केला. मग मी विकत घ्यायला जातो. तिकीट घेतो. आता विकणारा समोरचा आहे. तर इथंही हमाली माझी! त्यांच्या दुकानाचं दार माझ्या फोनमध्ये, ते उघडायचं मी, नाव-वय मी भरायचं, ओटीपी मी आणायचा, चूक झाली तर दुरुस्तीचे पैसे मी भरायचे आणि एवढं सगळं करू दिल्याची सुविधा म्हणून ३९९ पुन्हा मीच. गल्ल्याच्या कुठल्याही बाजूला मला उभं करा, पैसे माझ्याच खिशातून जातात. मी कधी पोर्टलला म्हटलंय का, की साहेब, हे धान मी पिकवून, वाळवून, भरून तुमच्या दारात आणलं, याची सुविधा कट्ट्यामागे ३९९? म्हणून पाहीन एकदा. सोबत कोणी येणार असेल तर.

आणि बदल शुल्क सोडता येत नाही असं नाही. २०२० साली महामारीत अमेरिकेतल्या बड्या विमान कंपन्यांनी सगळ्यात स्वस्त तिकिटं सोडून बाकी देशांतर्गत तिकिटांवरचं बदल शुल्क काढून टाकलं. त्यामुळे एकही विमान खाली पडलं नाही.

असो. १२ जुलैचं विमान दोन तास चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. उशीर इतका झाला की खायला द्यावं लागतं, असाही नियम आहे. मला एक समोसा मिळाला, थंड. मी तारीख एकोणीस दिवस अलीकडे घेतली त्याचे ३,६४५ रुपये. त्यांनी वेळ दोन तास चाळीस मिनिटं पलीकडे नेली त्याचा एक समोसा. पलीकडच्या खुर्चीवरचा गृहस्थ म्हणाला, चटणी मागा, चटणी देतात. मागितली. संपली होती.

नागपुरात उतरलो तेव्हा तुमसरकडची शेवटची गाडी गेलेली. गोंदियाजवळ बिरसीलाही विमानतळ आहे. इंग्रजांनी १९४० मध्ये महायुद्धासाठी धावपट्टी बांधली आणि प्रवाशांचं विमान तिथून २०२२ मध्ये उडालं. ब्याऐंशी वर्षांच्या उशिराबद्दल कोणाला समोसा मिळाल्याचं ऐकिवात नाही. बसस्थानकावर रात्र काढली, सकाळी भंडारा, तिथून तुमसर, तिथून घर. कंडक्टरला पाचशेची नोट दिली तर त्यानं उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिले आणि उतरताना, मी विसरलो होतो तरी, हाक मारून दिले.

चिखलणीचा ट्रॅक्टर सकाळी येणार होता. ट्रॅक्टरवाल्यानं निरोप पाठवला, आज नाही, उद्या येतो. कारण विचारलं तर म्हणाला, साळ्याकडे बारसं आहे. बदल शुल्क त्यानंही दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी चिखलणी झाली, सतरा बाया ठेक्यानं मिळाल्या, आणि मी पिंढऱ्या चिखलात बुडवून पऱ्ह्यांच्या जुड्या फेकत होतो तेव्हा धुऱ्यावर ठेवलेला फोन वाजला. भावानं कुबडी टेकत तो आणून माझ्या डोळ्यांपुढे धरला.

विमानवाल्यांचा निरोप होता. सौ.च्या ३१ जुलैच्या विमानाची वेळ त्यांनी स्वतःच बदलली होती, तीन तासांनी. गैरसोयीबद्दल खेद होता. आणि खाली : आपण या तिकिटाची तारीख एकदा, कोणत्याही शुल्काविना, आपल्या सोयीनं बदलू शकता. बदलण्यासाठी येथे दाबा.

“दाब ना दादा,” भाऊ म्हणाला. “वहिनीले उद्याच आणून घे. फुकट आहे.”

मी अंगठा टेकवला. चिखल होता. शर्टाला पुसला, पुन्हा टेकवला. फोन म्हणाला, ओळख पटली नाही.