गड्डा आवक, गड्डा जावक

निवृत्त झालेला पनवेलकर एकतर सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारू लागतो, नाहीतर भाजी आणू लागतो. पहिल्याचा घराला काही त्रास नसतो. दुसऱ्याला आम्ही कोबीकाका म्हणतो. सोसायटी कुठलीही असो, एखादा असतोच. आमचे काका रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना सुटला, स्टोअर सुटलं नाही.

उरण नाक्याच्या बाजारात काका दिसले की भाजीवाल्या एकमेकींना खुणावतात. काका गड्डा उचलतात, तळहातावर तोलतात, अंगठ्याने दाबतात, उलटा करून देठ बघतात. देठ काळपट, तर माल शिळा. आकाराने मोठा पण हाताला हलका, तर आत पोकळ. पानांना बारीक भोकं, तर अळी आधीच राहायला आलेली.

"काका, कोबी घेताय का सून बघताय?"

"सून एकदाच आणायची असते मावशी, कोबी दर आठवड्याला!"

बाकीची गिऱ्हाइकं वरची हिरवी पानं काढायला लावून मगच वजन करू देतात. काकांचं उलटं. मावशीने पानाला हात घातला की ओरडतात, "राहू दे, राहू दे! पॅकिंग आहे ते."

थंडीत भाव उतरला की काका एकाच्या जागी तीन गड्डे आणतात. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी चिकटते. न धुता, पानांच्या पॅकिंगसकट, फ्रीजच्या खालच्या खणात त्यांची रवानगी होते. नियम एकच : आधी आला तो आधी जाईल. काकूंनी चुकून मागचा ताजा गड्डा उचलला, की संध्याकाळी चौकशी बसते.

चौकशीचं दुसरं कलम विळीचं. "अगं, एकदम मधोमध कापू नकोस. लागतील तेवढी पानं सोडवून घे. कापलेली बाजू काळी पडते, क जीवनसत्त्व जातं." काकू ऐकतात आणि खसकन गड्ड्याचे दोन तुकडे करतात. मग काका उरलेला अर्धा घट्ट गुंडाळून ठेवतात, चेहरा अगदी मयताला आल्यासारखा करून.

कढईपाशीही ते उभेच. "फार शिजवू नकोस, गंधकाचा वास सुटतो." इतकी वर्षं रसायनीत काढलेल्या माणसाला गंधकाबद्दल कोण शिकवणार?

पंचाईत अशी, की काकांचं म्हणणं बरोबर असतं. त्यांच्या फ्रीजमध्ये कोबी आठवडेच्या आठवडे टवटवीत राहतो. आणि टिकतो म्हणूनच संपत नाही. चणाडाळ घालून भाजी झाली, पीठ पेरून झाली, दाण्याचं कूट घालून पचडी झाली, वड्या झाल्या. शेजारच्या सीकेपी वहिनींना कोळंबीच्या भानोळ्यासाठी अर्धा गड्डा दिला, तर डबा भानोळं घेऊन परत आला. म्हणजे कोबी पुन्हा घरातच.

नातवाने ताट सरकवलं, तेव्हा काकांनी इतिहास काढला. "१७६८ साली कॅप्टन कुक इंग्लंडहून निघाला, तेव्हा बोटीत पिंपंच्या पिंपं खारवलेला कोबी होता. खलाशी आधी शिवेनात. मग अधिकाऱ्यांनी रोज आपल्या टेबलावर मांडून खाल्ला, तेव्हा सगळे मागायला लागले. स्कर्व्हीच्या रोगाने एकही खलाशी मेला नाही!"

"त्याच्या बोटीवर फ्रीज नव्हता," काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आणि बायकोही नव्हती."

त्या दिवशी काका ताटातला कोबी निमूटपणे खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी उरण नाक्यावर भाव आणखी उतरला होता, तेव्हा चार आणले.

तुम्हाला बाजारात असे काका भेटले, तर आपला गड्डा त्यांच्याकडूनच निवडून घ्या. तुमचा कोबी उत्तम निघेल, त्यांचा दिवस कारणी लागेल. फक्त "एकच द्या" हे आधी सांगा.