भिंतीतली अक्कल

नव्या फ्लॅटचे वायरिंग ठरते तेव्हा देवघराच्या दिशेवर तीन बैठका झडतात. राउटरची जागा मात्र इंटरनेट जोडायला आलेला मुलगा ठरवतो, तीही दाराशी, कारण त्याची वायर तिथेच संपते. मग 5 गिगाहर्ट्झच्या लहरी आरसीसीच्या भिंती ओलांडताना दमतात आणि आतल्या बेडरूममधले ऑफिस गॅलरीत येऊन बसते.

खरे तर प्लास्टरआधी, भिंतींना झिरी मारतानाच, प्रत्येक खोलीपर्यंत वेगळा पाइप काढून त्यात कॅट-6 केबल ओढली की झाले. ती 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिटचा वेग नेते. टू बीएचकेत एवढे अंतर शोधूनही सापडत नाही. विजेच्या तारा त्याच पाइपात घालू नयेत, हे बजावून सांगावे लागते. त्यावर "काही होत नाही साहेब" हे इलेक्ट्रिशियनचे उत्तर ठरलेले. बाजारात तांब्याच्या नावावर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही मिळते. स्वस्त असल्याने तेच जास्त आवडते.

स्मार्ट स्विचची तऱ्हा न्यारी. बहुतेकांना बोर्डात न्यूट्रल लागतो आणि नुसत्या दिव्यांच्या बोर्डात तो पुष्कळदा नसतो. हे कळते रंगकाम संपल्यावर. मग तोंडी हुकमाने दिवा लागावा म्हणून ताजी भिंत फुटते. एवढे करून राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा राहतोच. वीज गेली की हुकूम ऐकायला कोणी नसते.

रिकामा पाइप आधीच टाकून ठेवण्याचा खर्च हॉलमधल्या झुंबरापेक्षा कमी असतो.