नालीला लावलेली तीट

पाहुणे यायचे असले की नालीच्या दोन्ही काठांवर पांढरी रेघ उमटते. कधी ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची असते, कधी नुसत्या चुन्याची. लांबून दोन्ही सारख्याच शुभ्र दिसतात, आणि पाहणारे लांबूनच पाहतात. रेघ मात्र सरळ हवी. गोंदियाहून मुर्रीकडे निघालं की शहर कुठे संपलं हे माणसालाही चटकन कळत नाही, नालीच्या पाण्याला तर ते कुणी सांगितलेलंच नसतं. रेघेला मात्र हद्द पक्की ठाऊक असते: पाहुण्यांची गाडी जिथे वळणार, तिथे ती थांबते. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळी तीट लावतात, तशी ही गावाची पांढरी तीट. काळ्या तिटेने रोगराई टळते असं म्हणण्याचं धाडस आता आजीही करत नाही. पांढऱ्या तिटेचा मात्र खर्च पडतो.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन कामाचा असतो. नितळ पाण्याच्या 1000 लिटरला अशी अडीच ग्रॅम पावडर पुरते, पण ती पाण्यात मिसळावी लागते आणि वर किमान अर्धा तास थांबावं लागतं. पावडरीने पाण्यात जायचं, एवढीच या शास्त्राची अट. आपण तिला काठावर बसवतो. जंतू संध्याकाळी पाय मोकळे करायला वर येतील आणि रेघ ओलांडताना मरतील, असा काही हिशेब असावा. काठावरच्या पावडरीतला क्लोरीन उन्हाने, हवेने, ओलीने उडून जातो. थोडी पावडर नालीत पडलीच, तर गाळातली घाणच तिच्यातला क्लोरीन आधी खाऊन टाकते, जंतूंपर्यंत तो पोचत नाही. लंडनकरांची मात्र कीव येते. तिथे पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून वाहतं, पाऊस वाढला की सगळं थेम्समध्ये सांडायचं, म्हणून त्यांनी नदीखाली 25 किलोमीटरचा बोगदा खणला आणि 2025 साली तो पुरता जोडला. थेम्सच्या दोन्ही काठांवर रेघ ओढून भागलं असतं. आणि आपल्याकडची ती दुसरी कारागिरी! नाली साफ करायची म्हणजे गाळ काढून नालीच्याच काठावर रचायचा. वाळला की नेऊ, असं म्हणतात. तो वाळायच्या आत पहिला पाऊस येतो आणि गाळ घरी परत जातो. दरम्यान पाहुणे आले, तर रेघ त्या गाळाच्या ढिगावरून ओढतात, चढावर चढवून आणि उतारावर उतरवून, पण सरळ! ज्या हातांना एवढी नेमकी रेघ ओढता येते, त्यांना त्याच दिवशी गाळ भरून न्यायला एक ट्रॅक्टर देता येत नाही?

ही नाली तान्ह्या बाळांच्या जिवाशी येते, असं म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो: नवजात बाळ आईचं दूध पितं, त्याचा नालीशी काय संबंध? आईचं दूधच पाजलं, तर ते फार मोठं संरक्षण आहे, हे खरंच. पण बाळाला अंघोळ लागते, त्याची नाळ ओली असते, त्याला उचलणारे हात कुठल्या तरी पाण्याने धुतलेले असतात. शिवाय धोका जन्माआधीच सुरू होतो. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. इतर बहुतेकांना ती सोडून देते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं तर 20 ते 25 टक्के बायका दगावू शकतात. आणि उरलेली बाळं, वरच्या दुधाची? नालीतून आणि संडासाच्या गळक्या टाक्यांतून मुरलेली घाण जमिनीत नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं आणि बाळ निळसर पडतं. अमेरिकेतल्या आयोवात 1945 सालीच हे ओळखलं गेलं. टीसीएलने नायट्रेट जात नाही. काळजीपोटी पाणी उकळणारी आई तर ते आणखी दाट करते. सहाणेवर घुटी उगाळायलाही तेच पाणी घेतात. आईच्या दुधातच सुमारे 88 टक्के पाणी असतं, म्हणून सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, अगदी गोंदियाच्या मे महिन्यातही. पण घुटीच्या चार थेंबांना पाणी म्हणायला कुणी तयार होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाळं नालीने मरत नाहीत. कमी वजन, दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना गुदमरणं ही मोठी कारणं. मान्य. 2020 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे 16 बाळं पहिल्या वाढदिवसाआधी गेली, त्यांतली 11 पहिल्या 28 दिवसांत. पण त्याच यादीत जंतुसंसर्गही आहे, आणि औषधांना दाद न देणारे जंतू सांडपाण्यात मजेत वाढतात. कमी वजनाच्या बाळाला गाठायला त्यांना फारसं बळ लागत नाही. कारण मोठं नाही म्हणून उघडं ठेवायचं, हा न्याय आपण घराच्या मागच्या दाराला तर लावत नाही.

पैशाचं म्हणाल तर बोगदा कुणीच मागत नाही. संडासाची टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची, तिचा पाइप नालीत न सोडता शोषखड्ड्यात सोडायचा, मे महिन्यात काढलेला गाळ मे महिन्यातच उचलायचा, फुटकी नळवाहिनी नालीच्या पोटातून न्यायची नाही. यात न परवडण्यासारखं एवढंच, की पाहुण्यांना यातलं काही दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी तरी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आणि गावांना लाल, पिवळी, हिरवी कार्डं मिळतात. दोन्ही वेळा नाली आपल्या जागी, शहाण्यासारखी. जुलैत शेतातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी भरतात, धानाच्या बांध्यांतून पाणी उलटतं, नाली रस्त्यावर येते, रस्ता हातपंपाच्या ओट्यावर चढतो. त्या दिवसांत पाहुणे येत नाहीत. पावसात रेघ टिकत नाही ना.