मॅच त्यांची, बँड आमचा

"काकू, काल रात्री दीडला आमच्या गाडीचा उजेड तुमच्या खिडकीत आला असेल ना? सॉरी हं."

"उजेड आला, दार आपटलेलंही ऐकलं. म्हटलं, कोणाला दवाखान्यात नेलं की काय! सूनबाईंना म्हटलं, जाऊन विचारून येते. तर म्हणाल्या, आई, इथे असं विचारत नाहीत. म्हणून सकाळपासून कुंपणाशी पानं गोळा करतेय. आता तूच सांग."

"विचारायचं हो, तुम्ही नाही तर कोण विचारणार! लेकीला आणायला वेस्ट लाफायेटला गेले होते. सोमवार-मंगळवार सुट्टी आहे. तिच्या परड्यू विद्यापीठाची फुटबॉलची मॅच होती बाहेरगावी, बँडबरोबर गेली होती. बस परत यायलाच मध्यरात्र झाली."

"मॅच खेळते ती?"

"खेळत नाही, वाजवते. क्लॅरिनेट."

"ती काळी पिपाणी? आमच्या लग्नात बँडवाल्यांकडे होती. पण तू तर तिला इंजिनिअरिंगला घातलंस ना?"

"तेच तर! परड्यूत संगीताचं वेगळं कॉलेजच नाही. बँडमधली बहुतेक पोरं इंजिनिअरिंगची, शेतीची, फार्मसीची. ह्यांनीही पहिल्या वर्षी कटकट केली, अभ्यासाचं काय म्हणून. मग कुठूनसं कळलं की चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग परड्यूत शिकत असताना याच बँडमध्ये बॅरिटोन वाजवायचा. त्या दिवसापासून अभ्यासाचा प्रश्न बंद. आता फक्त चंद्राची वाट बघतायत."

"पण एकटीला तिकडे कशाला घातलीस? तुमची थोरली ओहायोला आहे, तिच्याजवळ ठेवायचीस."

"तिथे हिला बँडमध्ये जागाच नव्हती. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये १९३४ पासून फक्त पितळी वाद्यं आणि ढोल-ताशे. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन काही नाही. आणि आपलं हे कार्मेल म्हणजे काय, इथल्या हायस्कूलचा बँड देशात पहिला येणारा. पोरगी चार वर्षं उन्हातान्हात कवायत करून वाजवायला शिकली, ती सोडतेय होय!"

"बरं, बाहेरगावी म्हणजे कसं गं? सगळं लटांबर जातं?"

"सगळं नाही जात प्रत्येक वेळी. पूर्ण बँड म्हणजे तीनशेच्या वर पोरं. पन्नास-पंचावन्नची एक बस धरा, म्हणजे सहा-सात बसेस, वाद्यांचा ट्रक वेगळा. शिवाय समोरच्या कॉलेजकडून पाहुण्यांना मोजकीच तिकिटं मिळतात, त्यातूनच बँडची बाकं काढायची. जितकी पोरं नेली तितकी तिकिटं विकायची राहिली. म्हणून बहुतेक कॉलेजं पूर्ण बँड वर्षातून एखाद-दोनदा नेतात, जवळच्या नाहीतर हाडवैराच्या मॅचला. बाकी ठिकाणी पंचवीस-तीस जणांची तुकडी. काल पूर्ण गेला होता. पहाटे पाचला बस. गणवेश झिपच्या पिशवीत, तुऱ्याची टोपी डब्यात, हातमोजे विसरली तर मैदानात जाता येत नाही. हिने गेल्या वर्षी विसरले होते, तेव्हापासून मी एक जोडी माझ्या पर्समध्ये ठेवते."

"आणि खायला?"

"खोक्यात सँडविच, एक सफरचंद, चिप्सचं पाकीट. मी थेपले देते. बसमध्ये पहिल्या अर्ध्या तासात संपतात, हिच्या वाट्याला एकच येतो."

"म्हणजे वरपक्षाचा बँड मुलीकडच्या दारात वाजवायला जातो, तसंच म्हणायचं."

"वऱ्हाडाला मान तरी असतो हो काकू! इथे पाहुण्यांच्या बँडला मैदानाच्या टोकाला, वरच्या कोपऱ्यात बसवतात. आजूबाजूला सगळे यजमानांचे. आपल्या पोरांनी वाजवायला सुरुवात केली की ते हुर्यो करतात. आणि ढोलाची कथा सांगितली नाही का मी तुम्हाला?"

"कुठला ढोल?"

"परड्यूचा मोठा ढोल. १९२१ साली इथेच इंडियानापोलिसमध्ये लीडी कंपनीने बनवलेला. गाड्यावर चढवला की दहा फुटांच्या वर जातो. ढकलायला वेगळी माणसं, बडवायला वेगळी. जगातला सगळ्यात मोठा ढोल आमचाच, असं परड्यूवाले म्हणतात. टेक्सासवाले म्हणतात आमचा. ते भांडण चालूच आहे. तर २०२१ साली, म्हणजे ढोलाच्या ऐन शंभराव्या वर्षी, नोत्र दाम विद्यापीठात मॅच होती. नोत्र दामवाले म्हणाले, पाहुण्यांनी पाहुण्यांच्या बोगद्यातून यायचं. त्या बोगद्यात ढोल मावत नाही! यजमानांचा बोगदा मोठा, पण तो द्यायला तयार नाहीत."

"अगंबाई! शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला दारातून परत पाठवलं?"

"मैदानात नाही म्हणजे नाहीच येऊ दिला. पेपरात छापून आलं, दोन्हीकडचे लोक आठवडाभर एकमेकांना टोमणे मारत होते. आणि वर मॅचही हरलो, २७-१३."

"ढोल असता तर जिंकला असतात?"

"नसतो जिंकलो. पण हरताना आवाज तरी झाला असता!"

"हे मात्र खरं."

"आणि बँडमुळेच मॅच गेल्याची गोष्टही आहे. म्हणजे, बँडला दोष देतात लोक. २० नोव्हेंबर १९८२. स्टॅनफर्डची मॅच बर्कलीला, म्हणजे स्टॅनफर्डचा बँड पाहुणा. शेवटचे चार सेकंद उरलेले आणि स्टॅनफर्ड २०-१९ पुढे. त्यांनी चेंडू मारला, बर्कलीच्या पोराने धरला. आता पळून पळून किती पळणार? पण एकाने दुसऱ्याकडे टाकला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, असं पाच वेळा झालं. मध्येच स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं, मॅच संपली, आपण जिंकलो. आणि सगळी पोरं वाद्यं घेऊन मैदानात!"

"खेळ चालू असताना?"

"चालू असताना! बर्कलीचा खेळाडू चेंडू घेऊन सरळ बँडमधून वाट काढत पळाला, शेवटच्या रेषेपलीकडे गेला आणि तिथे उभ्या असलेल्या ट्रोम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. तो बिचारा आडवा. २५-२० अशी मॅच बर्कलीने जिंकली."

"आणि ट्रोम्बोन?"

"चेपला. तो चेपलेला ट्रोम्बोन नंतर कॉलेज फुटबॉलच्या संग्रहालयात ठेवला."

"म्हणजे वाजवून नाही, पडून नाव काढलं पोराने. काय म्हणावं!"

"लेकीला मी म्हणूनच सांगून ठेवलंय, पंचाची शिट्टी ऐकल्याशिवाय बाकावरून हलायचं नाही."

"पण मला एक कळत नाही गं. एवढा खर्च, एवढी दगदग, वर हुर्यो. स्पीकरवर लावायची ना गाणी? न्यायचं कशाला पोरांना?"

"हेच मिशिगनच्या बड्या साहेबांनाही वाटलं होतं. २०१२ साली मिशिगनची मॅच टेक्सासमध्ये होती, अलाबामाशी. कॉलेजच्या क्रीडा खात्याने सांगितलं, बँड येणार नाही, चार लाख डॉलर लागतात. अहो, जुने विद्यार्थी पेटून उठले! संघ जाणार आणि बँड नाही? शेवटी पैसे उभे राहिले, बँड गेला. मॅच हरले ती वेगळी गोष्ट, ४१-१४."

"तू सांगतेस त्या सगळ्या मॅचेस हरलेल्याच कशा गं?"

"बँड जिंकलेल्या मॅचलाही असतो, पण तेव्हा त्याच्याकडे बघतो कोण! बरं, एक जिंकलेली सांगते. फुटबॉलची नाही, बास्केटबॉलची. मार्च २०२४. येलचा संघ स्पोकेनला गेला, पार पश्चिमेला. त्यांच्या बँडला सुट्टी, येता येईना. मग जवळच्या आयडाहो विद्यापीठाच्या बँडने येलचे टी-शर्ट घातले, येलची गाणी शिकून घेतली आणि अख्खी मॅच परक्या पोरांसाठी वाजवली. येलने ऑबर्नला हरवलं, ७८-७६."

"दोन गुणांनी? मग ते दोन गुण त्या पोरांचेच."

"येलच्या पोरांनी पहिल्यांदाच बघितली असतील ती आयडाहोची पोरं. पण आपली धून कानावर पडली की पायात बळ येतंच ना! खेळणारे कुठे आहेत, किती लांब आहेत, त्याने काय फरक पडतो."

"एक विचारू? इतकी पोरं, रात्रीच्या बसेस... काही वावगं?"

"विचारलंत म्हणून सांगते. नोव्हेंबर २०११, ऑर्लँडो. फ्लोरिडा ए अँड एमचा बँड, फार नावाजलेला. मॅच झाल्यावर थांबलेल्या बसमध्ये 'प्रथा' म्हणून सोबत्यांनीच ड्रम मेजरला मारलं. पोरगा गेला. बँड जवळजवळ दोन वर्षं बंद ठेवला, मारणाऱ्यांवर खटले झाले."

"देवा! कसली मेली प्रथा. कुणी मोठं माणूस नव्हतं का त्या बसमध्ये?"

"तोच प्रश्न मी लेकीला दरवेळी विचारते, तुमच्या बसमध्ये मोठं माणूस कोण आहे? ती चिडते. चिडू दे. नाव आणि फोन नंबर घेतल्याशिवाय मी पाठवत नाही."

"बरोबर आहे तुझं. आणि पैसे किती देतात गं पोरांना?"

"कसले पैसे! बँड म्हणजे बहुतेक ठिकाणी एका विषयाचे एक-दोन क्रेडिट, झालं. खेळणाऱ्यांना २०२५ पासून कॉलेजं सरळ पैसे द्यायला लागली आहेत. खेळाडू विमानाने जातात, बँड बसने. आणि टीव्हीवर बँड दिसतो का? मध्यंतर झालं की सूटबूटवाले टेबलाशी बसून चर्चा करतात, नाहीतर ट्रकच्या जाहिराती. आमचे हे तीन तास डोळे फाडून बसतात, लेक दिसेल म्हणून. एकदा तुरा दिसला. कुणाचा होता कोण जाणे."

"मग पुढची कधी?"

"नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लूमिंग्टनला. इंडिया‌ना विद्यापीठाशी. एका जुन्या लाकडी बादलीसाठी खेळतात हो! १९२५ पासून जो जिंकेल त्याची बादली वर्षभर. पहिल्याच वर्षी ०-० बरोबरी झाली, तर दोन्ही कॉलेजांची अक्षरं एकत्र करून बादलीच्या साखळीत अडकवली. थंडी अशी असते की लाकडी क्लॅरिनेट तडकेल, म्हणून ही प्लास्टिकची नेते. पितळवाल्यांचे तर ओठ चिकटतात."

"बादलीसाठी!"

"बादलीसाठी. येताय का? ब्लूमिंग्टन इथून तास-दीड तास. तिकीट मी काढते."

"मला तो खेळ काय कळणार? मध्यंतराला मात्र नेमकं वाजवतात ना?"

"मध्यंतरात वाजवतात खरं. पण काकू, तेव्हा निम्मं स्टेडियम उठून खायला जातं."

"जाऊ दे त्यांना. माझा डबा माझ्याबरोबर असेल, मी कशाला उठतेय! तिला सांग, तुऱ्याला लाल चिंधी बांध, मला दुरून ओळखू येईल. आणि सूनबाईंना तूच विचार हं, मी विचारलं तर म्हणतील, आई, इथे असं विचारत नाहीत."