नॉर्मल आहे, सर

(स्थळ: पुण्यातल्या एका परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमधली ग्राहकांना बसायची खोली. कॉफीचं यंत्र इटालियन आहे आणि बंद आहे. गाडीवाले पन्नाशी ओलांडलेले. भोसरीला एमआयडीसीत त्यांचा पत्र्याचे ब्रॅकेट काढायचा प्रेस शॉप आहे. तीस वर्षं मोटार कंपन्यांना माल पुरवून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी दोन सीटची, उघडझाप छताची स्पोर्ट्स कार घेतली आहे. सर्व्हिसवाला पंचविशीतला, टाय लावलेला. हातातल्या टॅबवर जॉबकार्ड उघडलंय.)

सर्व्हिसवाला: गुड मॉर्निंग, सर! काय म्हणतेय गाडी?

गाडीवाले: बरंच काही म्हणतेय. तेच ऐकवायला आणलीय. डॅशबोर्डच्या आत डाव्या बाजूला खडखडतं.

सर्व्हिसवाला: केव्हा खडखडतं, सर?

गाडीवाले: वेगात असलो की.

सर्व्हिसवाला: साधारण किती? जॉबकार्डवर लिहावं लागतं.

गाडीवाले: (इकडेतिकडे बघत) शंभराच्या जरा पुढे.

सर्व्हिसवाला: जरा म्हणजे?

गाडीवाले: एकशे चाळीस.

सर्व्हिसवाला: कुठे चालवत होतात?

गाडीवाले: एक्स्प्रेसवेला. अजून कुठे चालवणार, लक्ष्मी रोडला?

सर्व्हिसवाला: तिथं मर्यादा १०० ची आहे, सर. ‘१४० ला आवाज येतो’ असं लिहितो आणि खाली तुमची सही घेतो.

गाडीवाले: सही कशाला? ‘शंभरला येतो’ लिहा की.

सर्व्हिसवाला: शंभरला आम्ही गेल्या खेपेला चालवून बघितली. नाही येत. नो फॉल्ट फाउंड.

गाडीवाले: अहो, पावणेतीनशेला पळते म्हणून विकलीत ना मला?

सर्व्हिसवाला: पळते ना, सर. पळताना गप्प बसेल असं कुठं म्हटलं होतं?

गाडीवाले: (खुर्चीत पुढे सरकून) हे बघा, ‘नो फॉल्ट फाउंड’ मला शिकवू नका. चाकणला लाइनवर माझा लॉट रिजेक्ट झाला की मी हेच लिहून पाठवतो. आमच्याकडे तपासलं, मापात आहे.

सर्व्हिसवाला: आणि ते ऐकतात?

गाडीवाले: छे! समोर उभा करतात. दोष कुठून आला त्याचा एट-डी रिपोर्ट मागतात. पाच वेळा ‘का’ विचारतात. वाकलं का? डाय झिजली. झिजली का? बदलली नाही. बदलली का नाही? पाचव्या ‘का’ला माणूस आईवडिलांच्या संस्कारांपर्यंत पोचतो. आणि एवढं करून डेबिट नोट येते ती येतेच.

सर्व्हिसवाला: मग तुम्ही काय सांगता, सर?

गाडीवाले: सांगतो, वाहतुकीत झालं असेल.

सर्व्हिसवाला: (टॅबवर टिपत) वाहतुकीत... छान आहे हे.

गाडीवाले: ते लिहू नका! पुढची तक्रार घ्या. ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला धक्के मारते. परवा चांदणी चौकात पडद्यावर आलं, गिअरबॉक्स गरम, थांबा. थांबलोच होतो मी! पाऊण तास!

सर्व्हिसवाला: ते नॉर्मल आहे, सर. हा डबल क्लचचा गिअरबॉक्स. तुम्ही इंचाइंचानं सरकता तेव्हा क्लच धड लागत नाही, धड सुटत नाही. घासत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीला जाऊ द्यायचं, पुरेसं अंतर पडलं की एकदाच पुढं जायचं.

गाडीवाले: तुम्ही पुण्यातलेच ना?

सर्व्हिसवाला: हो, सर. कोथरूड.

गाडीवाले: आणि अंतर पडू देऊ म्हणता? तेवढ्या अंतरात दोन रिक्षा, एक स्कूटर आणि फुगेवाला येतो. पहिल्या गिअरमधून मी बाहेरच पडत नाही.

सर्व्हिसवाला: म्हणून तर म्हटलं. गाडीचा दोष नाही. वापराच्या परिस्थितीचा आहे.

(‘वापराची परिस्थिती’ हा शब्दप्रयोग वॉरंटीच्या पुस्तिकेत वरचेवर भेटतो. त्यात आपले रस्ते, आपला पाऊस आणि जरूर पडली तर आपण स्वतःही मावतो.)

गाडीवाले: बरं. पुढचा सेन्सर. सारखा टीं टीं करतो. समोर काळं कुत्रं नसतं आणि हा कोकलतोय.

सर्व्हिसवाला: तो सापडला, सर. सेन्सर शंभर टक्के ओके आहे. समोर अडथळा आहे म्हणूनच वाजतोय.

गाडीवाले: कसला अडथळा?

सर्व्हिसवाला: एक लिंबू, सात मिरच्या.

गाडीवाले: ते आईनं बांधलंय.

सर्व्हिसवाला: बरोबर सेन्सरच्या तोंडावर बांधलंय. गाडी हलली की ते हलतं, ते हललं की सेन्सरला वाटतं कोणी आडवं आलं. काढू का?

गाडीवाले: काढू नका! दर शनिवारी बदलते ती. सेन्सरच सरकवता येईल का थोडा?

सर्व्हिसवाला: बंपरचं डिझाइन जर्मनीत ठरतं, सर.

गाडीवाले: मग वाजू दे. आता खालचं बघा. पोटाला ओरखडे पडलेत, प्लॅस्टिकचा पत्रा लोंबतोय.

सर्व्हिसवाला: ते बाहेरून झालेलं नुकसान. वॉरंटीत नाही. स्पीडब्रेकर?

गाडीवाले: सोसायटीच्या गेटवरचा. आणि मी अभ्यास करून आलोय. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक काय म्हणतं? उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. माझी गाडी जमिनीपासून अकरा सेंटिमीटर. म्हणजे पास व्हायला पाहिजे. क्लिअरन्स एक सेंटिमीटर! माझ्या धंद्यात एक सेंटिमीटर म्हणजे मैदान.

सर्व्हिसवाला: सोसायटीचा केवढा आहे?

गाडीवाले: उंची वीतभर, रुंदी हातभर. सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून घालून घेतला. माझी गाडी आली त्याच आठवड्यात.

सर्व्हिसवाला: नाक उचलायची लिफ्ट असते, सर. बटण दाबलं की पुढची बाजू वर होते. तुम्ही घेतली नाहीत ती.

गाडीवाले: एक कोटी बावीस लाख मोजल्यावर नाकाचे वेगळे पैसे? उद्या चाकांचे मागाल.

सर्व्हिसवाला: चाकांचेही पर्याय होते, सर. तुम्ही एकवीस इंची घेतलीत. म्हणून तर खड्डा इतका कळतो.

(थोडा वेळ कोणी बोलत नाही.)

गाडीवाले: आणि पाणी! डाव्या सीटखाली पाणी साचतं. बायको परवा बसली, उतरली आणि रिक्षानं घरी गेली.

सर्व्हिसवाला: गाडी झाडाखाली लावता?

गाडीवाले: गुलमोहराखाली. सावली असते.

सर्व्हिसवाला: छताच्या कडेनं पन्हळ आहे, तिथलं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं. पाकळ्यांनी त्या तुंबल्या की पाणी आत येतं. नळ्या साफ कराव्या लागतील. बाह्य कारण आहे, वॉरंटीत नाही.

गाडीवाले: उंदरानं वायर कुरतडली तेव्हाही बाह्य कारण म्हणालात. तो तर आत बसला होता!

सर्व्हिसवाला: आला बाहेरून ना, सर.

गाडीवाले: अहो, मग तुमच्या वॉरंटीत बसतं तरी काय?

सर्व्हिसवाला: साहित्यातला किंवा बनावटीतला दोष. एवढंच.

गाडीवाले: झालं तर! खडखड बनावटीतलीच आहे. कॅलिफोर्नियात माझा भाचा आहे. तिथला कायदा सांगतो. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार खेपा झाल्या, किंवा गाडी तीस दिवसांहून जास्त वर्कशॉपला पडली, की दोष गंभीर असेल तर गाडीच सदोष असं गृहीत धरतात. गाडी बदला नाहीतर पैसे परत.

सर्व्हिसवाला: आपल्याकडे तसा कायदा नाही, सर.

गाडीवाले: ग्राहक आयोग आहे. तिथं जाईन!

सर्व्हिसवाला: नक्की जा, सर. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य. गाडीला मोजलेल्या रकमेवर ठरतं. तुम्ही एकदम राज्य पातळीवर.

गाडीवाले: (नकळत सुखावून) हो का? आणि ‘गाडी तुमच्या कंपनीच्या नावावर घेतलीय, तुम्ही ग्राहकच नाही’ असं म्हणायची सोय नाही. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय. एका कंपनीनं संचालकांसाठी आलिशान गाडी घेतली होती. सीटांमधला उंचवटा नको तेवढा तापायचा. कोर्ट म्हणालं, संचालकाला फिरायला घेतलेली गाडी म्हणजे व्यापारी वापर नव्हे.

सर्व्हिसवाला: त्यात राष्ट्रीय आयोगाचा निकाल कधीचा होता?

गाडीवाले: (आवाज खाली) २००७.

सर्व्हिसवाला: आणि पुढचा २०२४. सतरा वर्षं. आपली वॉरंटी दोन वर्षांची आहे, सर.

गाडीवाले: तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?

सर्व्हिसवाला: तुमच्याआधी याच खुर्चीत एक वकीलसाहेब बसले होते. त्यांचाही डॅशबोर्ड वाजतो.

(टॅब ‘टिंग’ करतो. सर्व्हिसवाल्याचा चेहरा एकाएकी अतिशय नम्र होतो. असा चेहरा झाला की खिसा सांभाळावा.)

सर्व्हिसवाला: सर, गाडीचा डेटा डाउनलोड झालाय. पहिले तीन हजार किलोमीटर इंजिन चार हजार आरपीएमच्या वर न्यायचं नाही, असं पुस्तिकेत आहे. तुमची चाललीय २,१४०. आणि इथं ७,२०० दिसतंय. बऱ्याच वेळा. रविवारी सकाळी.

गाडीवाले: हॉटेलच्या पार्किंगवाल्यानं ताणली असेल.

सर्व्हिसवाला: सकाळी सहाला? उभ्या गाडीला झटक्यात पळवायचा लाँच कंट्रोलही वापरलाय, सर.

गाडीवाले: बटण दिलंय म्हणून दाबलं! दाबायचं नव्हतं तर दिलं कशाला? अमेरिकेत निस्सान जीटी-आरवाल्यांचं असंच झालं. तेच करून गिअरबॉक्स गेले आणि कंपनीनं वॉरंटी नाकारली. प्रकरण कोर्टात गेलं.

सर्व्हिसवाला: म्हणून तर आता गाडी सगळं लिहून ठेवते, सर.

गाडीवाले: (बराच वेळ गप्प राहून) ऑपरेटर एरर लिहा.

सर्व्हिसवाला: ऑपरेटर कोण, सर?

गाडीवाले: नवीन आहे तो. ट्रेनिंग देतोय त्याला.

(आतून मिस्त्री येतो. साठीचा, हाताला ग्रीस. याला टॅब दिलेला नाही, त्यामुळे त्याचा बराच वेळ गाडीकडे बघण्यात जातो.)

मिस्त्री: साहेब, खडखड सापडली.

सर्व्हिसवाला: काका, कशी सापडली? आपण ‘नाही’ लिहिलंय.

मिस्त्री: वेगाचा आणि तिचा संबंध नाही. उभ्या गाडीत इंजिन २,६०० वर धरलं, खडखडली. २,५०० ला गप्प, २,७०० ला गप्प. एकशे चाळीसला सातव्या गिअरात तेवढेच आरपीएम पडतात. एरवी काटा झर्रकन पुढं जातो, सायलेन्सरच्या आवाजात कळत नाही. हे बघा, एसीच्या पायपाचा ब्रॅकेट. पाइप धरत नाही, नुसता टेकलाय.

गाडीवाले: (ब्रॅकेट हातात घेतात. चष्मा लावतात. आवाजच बदलतो.) दीड एमएमचा पत्रा. बेंड कमी पडलाय, दोन अंश. स्प्रिंगबॅक धरलाच नाही. पत्रा दाबून सोडला की तो थोडा मागं येतोच, डाय तेवढी जास्त वाकवून ठेवायची. आणि कडेची ही बर बघा, बोट कापेल. माझ्याकडे हा तुकडा इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचला नसता.

मिस्त्री: व्हाइसमध्ये धरून दोन अंश वाकवला की झालं. पाच मिनिटं.

गाडीवाले: मी उद्या नवाच आणतो. प्लेटिंग करून. पंचवीस काढतो, पंचवीसच्या पंचवीस मापात. वकीलसाहेबांनाही द्या एक.

सर्व्हिसवाला: नको, सर! कंपनीचा नसलेला भाग लावला, किंवा हा वाकवला, की त्या जागेची वॉरंटी गेली. भाग मागवावा लागेल.

गाडीवाले: केवढ्याला असतो हा?

सर्व्हिसवाला: वॉरंटीत फुकट, सर. एरवी अकरा हजार चारशे. अधिक जीएसटी.

गाडीवाले: (मिस्त्रीकडे बघत, अगदी हळू) मी चौदा रुपयांना देतो. चौदालासुद्धा परचेसवाले भाव पाडून मागतात.

मिस्त्री: मग त्यांनाच विका की, साहेब.

सर्व्हिसवाला: जर्मनीत ऑगस्टमध्ये सुट्ट्या असतात. त्यामुळे सात-आठ आठवडे धरा.

गाडीवाले: माझ्याकडून लाइनला माल दोन तास उशिरा गेला तर दंड लावतात!

सर्व्हिसवाला: तो तुमचा करार, सर. आपल्या फॉर्मवर ‘उपलब्धतेनुसार’ आहे. खाली तुमचीच सही आहे. तोवर दोन हजार सहाशे टाळून चालवा.

गाडीवाले: आणि गर्दीत धक्के खात?

सर्व्हिसवाला: ते नॉर्मल आहे, सर. अजून एक विनंती होती. संध्याकाळी मुंबईहून एक फोन येईल. सेवेबद्दल दहापैकी मार्क विचारतील. तेवढं दहा सांगा.

गाडीवाले: नऊ देईन.

सर्व्हिसवाला: नऊ म्हणजे आमच्याकडे शून्य धरतात, सर. इन्सेंटिव्ह जातो.

गाडीवाले: माहिताय. आमचंही व्हेंडर रेटिंग असतं. नव्वदच्या खाली गेलो की खरेदीवाला फोन उचलत नाही.

सर्व्हिसवाला: मग सर, तुम्हाला तर समजेल...

गाडीवाले: समजतं म्हणूनच नऊ. दहा दिले की माणूस सुधारत नाही, हे मला तीस वर्षं सगळ्यांनी ऐकवलंय. (उठतात.) चला, किल्ली द्या.

सर्व्हिसवाला: दोन मिनिटं, सर. गाडी धुवायला दिलीय. आमच्यातर्फे, फुकट. मोठ्या प्रेशरनं स्वच्छ होऊन येईल.

गाडीवाले: छताच्या नळ्या साफ केल्यात ना त्याआधी?

सर्व्हिसवाला: त्या... त्या पुढच्या जॉबकार्डात आहेत, सर.

(मिस्त्री आधीच दाराबाहेर पळालाय. त्याच्यामागून टाय सांभाळत सर्व्हिसवाला. गाडीवाले टेबलावरचा टॅब उचलतात, चष्मा नाकावर ओढतात आणि ‘बाह्य कारण’च्या रकान्यात एका बोटानं एकेक अक्षर दाबत सर्व्हिसवाल्याचं नाव टाइप करू लागतात.)