मुदतीचे व्याकरण

सार्वजनिक पायाभूत सुविधांच्या उभारणीत खासगी क्षेत्राला सहभागी करून घेण्याचे जे शास्त्र मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या साडेतीन दशकांत बहरले, त्यातील सर्वांत काव्यमय शब्द ‘मुदत’ हा होय. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीत कंपनी थोड्या स्वतःच्या आणि बऱ्याच बँकांच्या पैशाने रस्ता बांधते, ठरावीक वर्षे टोल वसूल करते आणि मग तो सरकारला परत देते, असे मानले जाते. पैकी पहिल्या दोन क्रियापदांचा अर्थ लावताना कोणाला अडचण येत नाही, तिसरे मात्र सहसा भविष्यकाळातच चालवले जाते. अशा करारास ‘सवलत करार’ म्हणतात. सवलत कोणास, हे एसटीच्या पासाप्रमाणे त्यावर छापलेले नसल्याने वाहनचालकांचा उगाच गैरसमज होतो.

या शास्त्राच्या अभ्यासकाने मेक्सिकोपासून आरंभ करावा. १९८९ ते १९९४ या काळात त्या देशाने ५,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे टोलमार्ग ५२ करारांद्वारे खासगी कंपन्यांकडे सोपवले, आणि जो सर्वांत कमी वर्षांत रस्ता परत देण्याचे वचन देईल त्यालाच काम, असा वरकरणी निष्कलंक निकष ठेवला. वचन देण्यास पैसे पडत नसल्याने मुदती भराभर खाली आल्या. परंतु मुदतीबरोबर खर्च आकसत नाही, ही गोष्ट घरासाठी कर्ज घेणाऱ्या कोणत्याही कारकुनाला हप्त्याचा आकडा पाहताच कळते, तशी ती येथेही टोलनाक्यावर कळली. थोड्या वर्षांत सारी वसुली उरकायची म्हणून टोल असा चढला की तो जगातील अत्यंत महागड्या टोलांत गणला गेला, आणि मालमोटारी जुन्या पण फुकट रस्त्यानेच जात राहिल्या. करारात याचीही सोय होती: अपेक्षित रहदारी न आल्यास मुदत वाढवून मिळायची. हिला ‘रहदारीची हमी’ म्हणतात, म्हणजे आज जी गाडी आली नाही तिचा टोल उद्या येणाऱ्या गाडीने भरावा. बांधकाम कंपन्यांचा नफा बराचसा बांधतानाच निघून येत असल्यामुळे पुढे त्या रस्त्यावरून मोटार धावते की गाढव, याची त्यांनी चिंता वाहण्याचे फारसे कारणही नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला, व्याजाचे दर भडकले, आणि १९९७ मध्ये सरकारने ५२ पैकी २३ करारांखालील रस्ते कर्जासकट स्वतःच्या गळ्यात बांधून घेतले. हस्तांतरण अखेर झाले, आणि तेही मुदतीच्या बरेच आधी झाले, हे टीकाकारांनीही मान्य करावे.

(दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती लिलावाने मक्त्यावर दिल्या जात, तेव्हाही मक्तेदार हाती असलेल्या थोड्या काळात रयतेला पिळून घेई, कारण पुढे दुसरा कोणी वरचढ बोली लावील ही धास्ती त्याला असे. पेशवाईला त्यासाठी ‘सहभाग’ हा शब्द सुचला नाही, एवढेच.)

भारताने या प्रश्नाचे चिंतन अधिक खोलवर केले. दिल्ली आणि नोएडा यांना जोडणाऱ्या उड्डाणमार्गाचा १९९७ चा करार कागदावर ३० वर्षांचा होता. पण त्यात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा ठरवून दिलेला होता, एखाद्या वर्षी त्यात जी तूट येई ती पुन्हा प्रकल्पखर्चातच मिळवायची होती, आणि ही सर्व वसुली पुरी होईपर्यंत मुदत वाढण्याचीही तजवीज होती. परिणामी २००१ मध्ये वाहतुकीस खुला झालेला पूल यमुनेवर वर्षागणिक जुना होत असताना हिशेबाच्या वहीत मात्र वर्षागणिक अधिक महाग होत गेला, आणि जितका टोल गोळा होई त्याहून अधिक टोल गोळा व्हायचा उरे. कूळकायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व दिले; त्याच चालीवर ‘वसूल करील त्याचा पूल’ हे तत्त्व येथे रूढ होण्याच्या बेतात होते. परंतु ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. या गणिताचे सौंदर्य न्यायालयांना भावले नाही, असे दिसते.

मेक्सिकोने मात्र धीर सोडला नाही. बुडीत टोलमार्ग सांभाळण्यासाठी उभारलेल्या सरकारी निधीकडील चार महामार्ग, मिळून ५५८ किलोमीटर, २००७ मध्ये पुन्हा खासगी गटाला देण्यात आले, आणि नव्वदच्या दशकात टोलमार्ग बांधणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकी एक त्या गटातही होती. या खेपेस जो आरंभीच सर्वाधिक रोख मोजील त्याला रस्ता, असा निकष होता. मुदत सरकारनेच ३० वर्षे ठरवून दिली होती. ती किती कमी करता, असे बोली लावणाऱ्यांना कोणी विचारले नाही.