न लिहिलेली बंदी

मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की लातूरच्या शेतकऱ्याला तिफण, बियाणं आणि डीएपी खत हवं असतं. पहिल्या दोन गोष्टींची सोय होते. तिसरीसाठी कृषी सेवा केंद्रापुढे उभं राहावं लागतं आणि आतून उत्तर येतं, माल आला नाही. आला तरी सोबत आणखी एखादी बाटली किंवा पिशवी गळ्यात मारली जाते. त्याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. शेतकरी दुकानदाराला शिव्या देतो, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कृषी सहायक दोघांची समजूत काढतो. या सगळ्या भांडणात चीनचं नाव कुणीच घेत नाही.

ते घ्यायला हवं. २०२३-२४मध्ये भारताने चीनकडून वीस लाख टनांहून अधिक डीएपी आणलं होतं. पुढच्याच वर्षी ते निम्म्याहूनही खाली आलं. यासाठी चीनने निर्यातबंदीचा हुकूम काढला नाही. ऑक्टोबर २०२१पासून तिथे खत जहाजावर चढण्याआधी सरकारी तपासणी सक्तीची आहे. तपासनीस आला तर माल निघतो, नाही आला तर गोदामात पडून राहतो. कागदावर व्यापार सुरूच असतो. तक्रार कशाची करायची आणि कुणाकडे?

२०२५च्या उन्हाळ्यात हाच प्रकार विद्राव्य खतांच्या बाबतीत झाला. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर-मुदखेडच्या केळी बागायतदाराला १९:१९:१९, १२:६१:० आणि ०:५२:३४ हे आकडे पाठ असतात, कारण ठिबकमधून केळीला तेच जातं. देशात येणाऱ्या या विशेष खतांपैकी जवळपास ८० टक्के चीनमधून येत होती. आयातदारांच्या संघटनेने उघडपणे सांगितलं की चीन इतर देशांना माल देतोय, फक्त भारताकडे निघालेल्या मालाची तपासणी होत नाही. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले. खतं, दुर्मीळ खनिजं आणि बोगदे खणणारी यंत्रं या तिन्हींबाबत त्यांनी भारताला आश्वासन दिल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे अर्धापूरच्या केळीचा घड किती भरणार हे दिल्लीतल्या एका बैठकीच्या टेबलावर होतं आणि केळीवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरी बाजूही सांगतो. चीनने डीएपी आवळलं ते एकट्या भारताला छळायला नव्हे. त्यांच्या शेतकऱ्याला खत स्वस्त मिळावं ही त्यांची गरज आहे आणि फॉस्फेट आता विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही लागतं. आपला माल आपल्या माणसाला आधी, हे कुठलंही सरकार करील. आपणही कांदा, गहू, तांदूळ रोखलाच की. पण आपण रोखतो तेव्हा अधिसूचना निघते, तारीख पडते, नाशिकचा शेतकरी रस्त्यावर येऊन ती अधिसूचना जाळू शकतो. न लिहिलेली बंदी जाळताही येत नाही.

युरोपने ही न लिहिलेली बंदी चांगलीच अनुभवली आहे. लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या तिसेक लाखांच्या आत, म्हणजे नांदेड जिल्ह्यापेक्षाही कमी. नोव्हेंबर २०२१मध्ये त्याने आपल्या राजधानीत तैवानच्या नावाने प्रतिनिधी कार्यालय उघडू दिलं. डिसेंबरमध्ये तिथल्या व्यापाऱ्यांना कळलं की चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या संगणकावर देशांच्या यादीत लिथुआनियाच दिसत नाही. मालाचा अर्ज भरायचा तर मूळ देश निवडावा लागतो, आणि देशच गायब. बंदीचा आदेश? कुठेही नाही. चीनला निघालेली लिथुआनियन रमची वीस हजारांवर बाटल्यांची खेप शेवटी तैवानच्या सरकारी मद्य कंपनीने विकत घेतली.

लिथुआनियाचा चीनशी थेट व्यापार तसा किरकोळ होता. खरा घाव पुढे बसला. कॉन्टिनेन्टलसारख्या जर्मन कंपनीवरही लिथुआनियात बनलेले सुटे भाग वापरू नका असा दबाव आल्याच्या बातम्या आल्या. एका छोट्या देशाला धडा शिकवायचा तर त्याच्या मोठ्या शेजाऱ्याच्या खिशाला हात घालायचा. मग शेजारीच त्याला सांगतो, बाबा रे, जरा नमतं घे.

युरोपीय संघ या प्रकरणात जागतिक व्यापार संघटनेकडे गेला, जानेवारी २०२२मध्ये. दोन वर्षांनी त्याने ती तक्रार स्वतःच थांबवली. जिथे आदेशच लिहिलेला नाही तिथे असं प्रकरण तडीला नेणं किती अवघड, हे कुठल्याही वकिलाला विचारा. पण मधल्या काळात युरोपने एक काम नीट केलं. आर्थिक दमदाटीच्या विरोधात कायदा केला. २७ डिसेंबर २०२३ला तो लागू झाला. एखाद्या बाहेरच्या सत्तेने एका सदस्य देशाला व्यापाराची भीती घालून धोरण बदलायला लावलं, तर सत्तावीस देश मिळून जबाब देऊ शकतात: आयातशुल्क, सरकारी कंत्राटांतून बाद करणं, गुंतवणुकीवर मर्यादा. चीनवर हा कायदा अजून एकदाही चालवलेला नाही. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने आदेशाशिवाय केलेल्या दमदाटीलाही दमदाटी म्हणून कायद्यात जागा दिली.

युरोपचं कौतुक इथेच आवरतो. एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या त्या संघात ग्रीसने जून २०१७मध्ये चीनच्या मानवाधिकारांविषयीचं संयुक्त निवेदन अडवलं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या पिरेयस बंदराचा निम्म्याहून जास्त हिस्सा कॉस्को या चिनी सरकारी कंपनीकडे गेला होता. इटली मार्च २०१९मध्ये चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेत वाजतगाजत सामील झाली आणि डिसेंबर २०२३मध्ये बाहेर पडली. हंगेरीचं सरकार चिनी कारखान्यांना पायघड्या घालत राहिलं. तिथेच बुडापेस्टच्या महापालिकेने, शांघायच्या फुदान विद्यापीठाचं संकुल येणार होतं त्या भागातल्या रस्त्यांना दलाई लामांचं आणि उइघुर हुतात्म्यांचं नाव दिलं. पैसा आला की सरकारं मऊ होतात आणि शहरं कधीकधी ताठ राहतात.

आता कॉन्यॅक या फ्रेंच ब्रँडीची गोष्ट. लातूरने ती कान देऊन ऐकावी अशी आहे. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस युरोपने चिनी विजेच्या गाड्यांवर नेहमीच्या १० टक्क्यांवर ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावलं. चीनने उत्तर कुठे दिलं? युरोपच्या ब्रँडीवर. जुलै २०२५मध्ये ते शुल्क ३४.९ टक्क्यांपर्यंत गेलं. डुकराच्या मांसावर आणि दुग्धपदार्थांवरही चौकशा लागल्या. भांडण गाड्यांचं आणि दंड द्राक्षवाल्याला, गोठेवाल्याला! फ्रान्समधल्या कॉन्यॅक गावात द्राक्ष उत्पादकांनी सप्टेंबर २०२४मध्येच ट्रॅक्टर रस्त्यावर आणले होते, कारण आपल्यावर काय येणार हे त्यांना आधी कळलं होतं. ऑस्ट्रेलियाशी बिनसलं तेव्हा चीनने २०२०मध्ये त्यांच्या जवावर ८० टक्क्यांवर शुल्क लावलं. कॅनडाशी बिनसलं तेव्हा २०२५मध्ये त्यांच्या कॅनोला तेलावर आणि पेंडीवर १०० टक्के. अमेरिकेशी बिनसलं तेव्हा २०१८मध्येही सोयाबीन आणि २०२५मध्येही सोयाबीन.

दरवेळी शेतकरीच. यात योगायोग नाही. शेतमाल वेळेला बांधलेला असतो, थांबवला की सडतो किंवा भाव पडतो, आणि शेतकरी आपल्या सरकारला मतपेटीतून लगेच दुखवू शकतो. बीजिंगमध्ये हा हिशेब नीट मांडलेला आहे. ज्याच्या हातात गाडी बनवण्याचा निर्णय नाही, कार्यालयाची पाटी लावण्याचा नाही, त्याच्याच पिकावर बोली लागते.

लातूरचा आडत बाजार याच सोयाबीनवर उभा आहे. चीन दरवर्षी दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आयात करतो, म्हणजे आपल्या देशाच्या अख्ख्या पिकाच्या सुमारे आठपट. जगात विकायला निघालेल्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन उचलतो. आपलं सोयाबीन तो घेत नाही, तरी भाव हलवतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हरने चीनमधली डुकरं मेली आणि नंतर त्यांनी नवे कळप उभे केले तेव्हा पेंडीची मागणी उसळली, जगाचा बाजार चढला. ऑगस्ट २०२१मध्ये लातूरला सोयाबीनने क्विंटलमागे दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवीन माल मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. चढता भाव चीनमुळे मिळाला होता, तो घालवला आपल्याच दिल्लीने. हे मी विसरलेलो नाही आणि मराठवाड्यातला कुणी विसरलेला नाही.

२०२५च्या दिवाळीत सोयाबीन ५,३२८ रुपयांच्या हमीभावाच्या बरंच खाली विकलं जात होतं. त्याआधी सप्टेंबरच्या पुराने उभं पीक पाण्यात घातलं होतं. भाव पडायला घरची कारणंही होती: परदेशी खाद्यतेलाची आवक, आणि मका-तांदळाच्या इथेनॉलनंतर उरणारा स्वस्त चोथा, जो आता कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेतोय. पण ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग बसले, आणि अमेरिकेने जाहीर केलं की चीन वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन सोयाबीन घेणार. या बातमीने शिकागोचा बाजार हलला. आडतीवर बसलेली आपली माणसं शिकागो रोज मोबाइलवर बघतात. वावरातल्या माणसाला मात्र फक्त मॉइश्चरचा आकडा आणि कट्टी ऐकायला मिळते.

चिनी माणसाविषयी राग धरायचं काहीच कारण नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये तिथल्या जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. चीनने त्यांची आठवण जपली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रश्न एका सत्तेच्या हातात गेलेल्या नळाचा आहे, आणि तो नळ आपण स्वतः तिच्या हातात दिला त्याचाही.

आपण काय केलं? २९ जून २०२०ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली. गलवानमध्ये जवान गेल्यानंतर ते योग्यच होतं. पण त्यानंतरही चीनशी व्यापारतूट वाढतच राहिली, २०२४-२५मध्ये ती ९९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. २०२५मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांची चुंबकं आवळल्यावर पुण्याच्या बजाजलाही विजेच्या स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. अ‍ॅप बंद करायला एक आदेश पुरतो. खताला खाण, कारखाना, जहाज आणि दहा वर्षांची तयारी लागते.

एक चांगलं पाऊल पडलं आहे. जुलै २०२५मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाच्या मादेनशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार केला. एका घरून उचलायचं बंद करून दुसऱ्या घरी जाणं एवढंच हे आहे, पण निदान दार दुसरं आहे. मला जास्त भरवसा वाटतो तो आपल्या शेतातल्या उपायावर. एका डीएपीच्या पोत्यातला स्फुरद तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळतो आणि नत्रासाठी अर्धं पोतं युरिया पुरतो. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं, ते सोयाबीनसारख्या तेलबियांना लागतंच. त्यासाठी लागणारा दगडही बाहेरून येतो, पण तो इजिप्त, जॉर्डन, मोरोक्कोकडून. कृषी विभाग हे सांगतो, नाही असं नाही. पण सांगतो ते पेरणी तोंडावर आल्यावर, डीएपी संपल्यावर, आणि तेव्हा ते शेतकऱ्याच्या कानाला बहाण्यासारखं लागतं. तीन पोती वाहून नेण्याचा खर्च कोण देणार हेही कुणी सांगत नाही. तो सरकारने द्यावा. परराष्ट्र धोरणाचा खर्च देशाने सोसायचा असतो, औसा आणि निलंग्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने नव्हे.

युरोपकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: तिथे कोणता माल कुठल्या देशावर किती अवलंबून आहे याचा हिशेब सरकारी पातळीवर मांडून लोकांपुढे ठेवतात, त्यावर संसदेत भांडतात. आपल्याकडे जिल्ह्याची खरीप आढावा बैठक दरवर्षी पेरणीआधी होते. पालकमंत्री असतात, जिल्हाधिकारी असतात, आमदार असतात, पुरेसा साठा असल्याचं प्रसिद्धिपत्रक निघतं. या वेळी नांदेडच्या आणि लातूरच्या बैठकीत कुणीतरी उभं राहून एवढं विचारावं: जिल्ह्यासाठी मंजूर डीएपीपैकी किती बंदरात उतरलंय, किती अजून समुद्रात आहे, कुठल्या देशातून निघालंय? ते नाही आलं तर सुपर फॉस्फेटची किती पोती कुठल्या तालुक्याच्या गोदामात आजच ठेवली आहेत? उत्तर तालुकावार, लेखी, आणि मे महिना संपायच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे.